ढिगावरचा मॉनिटर

देवानं माणूस घडवताना केला नसेल एवढा विचार माझे दाजी चहाची गाळणी घेताना करतात. माझ्या ताईला तेवढं एका भेटीत पसंत केलं. त्या घाईची भरपाई आजतागायत चालू आहे. सगळी हयात वैजापूरला कांद्याच्या आडतीत गेली, आता शहरात राहतात. टपोरा माल ढिगाच्या वर रचतात आणि बारक्या चिंगळ्या आत दडपतात, हे एकदा डोक्यात बसलं ते बसलंच. तेव्हापासून बिस्किटाचा पुडासुद्धा मागच्या रांगेतला लागतो. मिक्सर घ्यायला गेले तेव्हा घरून शेंगदाणे आणि लसूण घेऊन गेले, दुकानातच चटणी वाटली, हजर गिऱ्हाइकांना चाखायला दिली आणि "इचार करून येतो" म्हणून घरी आले. तो दुकानदार अजून मला गाठून विचारतो, मॅडम, झाला का विचार?

असल्या माणसाच्या कॉम्प्युटरचा पडदा शनिवारी रात्री बंद पडला आणि रविवारी संध्याकाळी सातच्या आत नवा हवा होता! कारण एकुलता एक मुलगा, अभी. आडत सोडून गेम बनवायला बंगळुरूला गेला तेव्हा दाजी म्हणाले होते, "उंबरा वलांडलास तर माघारी फिरू नको." पोरगं बापावरच गेलेलं, फिरलं नाही. मग ताईनं काय जुळवून आणलं कोण जाणे, पण दर रविवारी सातला दोघं गेममध्ये भेटू लागले. डोंगरातला रस्ता, दोन जीप, पुढं अभी, मागं दाजी. "डावीकडं घ्या", "ब्रेक मारा", एवढंच बोलणं. पण तेवढंच बोलणं. त्यात मागच्या रविवारी दाजी लग्नाला गेले आणि कळवायचं राहिलं. आजही चुकलं तर अभी समजणार, बाबा पुन्हा रुसले.

म्हणून पाच वाजता मी त्यांना स्कूटरवर घालून निराला बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात आणलं. दुकानदारानं समोर मांडलेला लांबरुंद, कमानीसारखा वळलेला मॉनिटर दाखवला. दाजींनी कडेवरून बोट फिरवलं. "मेहुणीबाई, हा तर वाकडा माल हाय!"

"अंकल, कर्व्ह है. बीच में बैठो, दोनों कोने नजर के सामने."

दाजी बसले. कांद्याचे भाव उघडायला लावले, कारण रोजच्या कामाला नको का! मग गेम. मग डावीकडून, उजवीकडून, मागून. सहा वाजून गेले. शेवटी म्हणाले, "चांगला हाय. आता आतला काढा."

"अंदरवाला नहीं है. ये एक ही पीस है."

"वरचा मी घेत नाय."

"अंकल, ये कांदा नहीं है!"

"उद्या येतो," म्हणत दाजी उठले. माझं डोकं फिरलं. "दाजी, उद्या सोमवार आहे हो!" असं मी ओरडतेय तोच ताईचा फोन आला. तिनं अभीचा निरोप वाचून दाखवला, मी तो जसाच्या तसा दाजींना सांगितला: बाबा आज तरी येणार आहेत का, की मी वाट बघत बसू नको?

खांद्यावरचा रुमाल काढून दाजींनी कपाळ पुसलं आणि दुकानदाराला म्हणाले, "बांधा. हाच बांधा."

खोकं मांडीवर धरून ते माझ्या मागं बसले आणि क्रांती चौकातल्या सिग्नलला माझ्यापेक्षा जास्त शिव्या त्यांनी घातल्या. घरी वायरी जोडेपर्यंत सात वाजून गेले होते. पडदा उजळला. अभीची जीप उभी होती. दाजी आल्याबरोबर सुटली, लांबच्या वळणावर गेली आणि तिथूनही पडद्यावर दिसत राहिली.

"उजवीकडं घ्या," अभीचा आवाज आला.

दाजींनी घेतलंच नाही. "अभ्या, आधी तू वळलास की गायबच व्हायचास," ते म्हणाले. "आता लई लांबवर दिसतोस रे."

ताई दारात हात पुसत उभी राहिली. मग ती लांबची जीप थांबली.

"या बाबा. थांबलोय मी."

त्या मॉनिटरच्या कोपऱ्यात एक ओरखडा आहे. दुकानात तो मला दिसला होता, म्हणजे दाजींना तर दिसला असणारच. त्यांनी अजून एकदाही त्याचा विषय काढलेला नाही.