तळ्याच्या वाटेचा अर्ज

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, तेव्हा आमच्या तळ्याच्या वाटेवर काटेरी तारा आल्या. पिंपरीच्या बाजूला कारखाने उभे राहू लागले होते आणि एका कंपनीने गावाच्या खालच्या अंगाची शेतं विकत घेतली होती. तळं काही तिने घेतलं नव्हतं. पण तळ्याकडे उतरणारी गाडीवाट त्या शेतांमधूनच जात होती. कंपनीच्या रखवालदाराने सांगितलं, "अर्ज करा, साहेब परवानगी देतील."

माझ्या चुलतीच्या दोन म्हशी होत्या, त्यातली एक गाभण. तारा आल्यापासून चुलती त्यांना वळसा घालून ओढ्यावर नेत होती. उन्हाळ्यात ओढा आटला की म्हशी विकाव्या लागतील, ही धास्ती तिने एकदाच बोलून दाखवली. नंतर बोलली नाही, पण धास्ती गेलीही नव्हती.

आमच्या घरात शिकलेला मी एकटाच. अर्ज मी लिहायचा, हे न बोलताच ठरलं. चिंचवडहून पुण्याला जाता-येता गाडीत मी तो चारदा लिहिला. 'आपल्या उदार अंतःकरणाने तळ्यावर जाण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.' खरं सांगायचं तर हे वाक्य मला फार आवडलं होतं.

चावडीपुढे मी ते वाचलं. लोकांनी माना डोलावल्या. अंगठ्यांसाठी शाईची डबी उघडली, तेवढ्यात मागून चुलती म्हणाली, "थांबा. ह्यात आपण मागतोय काय?"

"वाट, काकी."

"कुणाची?"

मी हातातल्या कागदावर पुन्हा नजर टाकली.

"आपलीच ना? मग मागतोस कशाला? उद्या म्हणतील, दिली व्हती, आता न्हाई देत."

"कालिजात ह्येच शिकवत्यात व्हय रं?" एक म्हातारे शेजारी म्हणाले. सगळे हसले.

"मग लिहू काय?" मी विचारलं.

"गाळाचं लिही की," चुलती म्हणाली.

दर उन्हाळ्यात तळ्यातला गाळ शेतांसाठी काढतात. गाळ काढायची प्रत्येक घराची जागा ठरलेली, आणि त्या बदल्यात तळ्याच्या बांधाचा ठरलेला तुकडा त्या घराने दुरुस्त करायचा. लहानपणापासून मी गाळाच्या पाट्या वाहिल्या होत्या. पण ही कागदावर घेण्याजोगी गोष्ट आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

दुसरा अर्ज मी कंपनीला न लिहिता मामलेदारांना लिहिला. उदार अंतःकरण गळलं. कोणत्या घराचा कोणता तुकडा आणि गाळाच्या गाड्या कोणत्या वाटेने येतात, एवढंच लिहिलं.

मामलेदार जागेवर आले, कंपनीचे साहेबही आले. मी अर्ज वाचू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि म्हणाले, "प्रत्येक घरातलं एकेक माणूस आपापल्या तुकड्यावर उभं राहू द्या."

कुणी कुणाला विचारलं नाही, कुणी चुकलं नाही. पाहता पाहता बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांनी भरला. आमच्या तुकड्यावर चुलती उभी राहिली.

कंपनीचे साहेब म्हणाले, "पण रीतसर मागितली तर आम्ही परवानगी देतोच आहोत."

"ती ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच, सायेब," चुलती बांधावरून म्हणाली. मामलेदारांनाही हसू आवरेना. त्यांनी तिथेच पंचनामा लिहायला घेतला.

पंधरा-वीस दिवसांत हुकूम आला आणि गाडीच्या रुंदीएवढी तार कापली गेली. सकाळी चुलती म्हशी घेऊन निघाली. मी वह्या बाजूला ठेवून मागोमाग गेलो. रखवालदार नव्या मोकळ्या जागेत उभा होता. तो काही विचारणार, तेवढ्यात चुलती म्हणाली, "बाजूला हो बाबा, गाभण म्हस हाय, बुजंल."

तो बाजूला झाला.