अण्णांचा तिसरा डाव

माझे सासरे जिंकले, म्हणून गेले.

आज वर्ष झालं. वर्षभर मी हे गिळून बसले होते.

आमचे अण्णा फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. फलटणजवळ गाव, ऊस, दोन म्हशी. गुडघे धरले तसं शेतात जाणं कमी झालं आणि घरात बसून ते सगळ्यांच्या चुका काढायला लागले.

वैतागून मी जुन्या लॅपटॉपवर त्यांना एक अंतराळातला स्ट्रॅटेजी गेम लावून दिला. ग्रह घ्यायचे, जहाजं बांधायची, शेजारच्या साम्राज्यांशी तह करायचा नाहीतर लढायचं.

मला वाटलं, आठवडाभर तरी शांतता मिळेल.

सहा महिन्यांत हा माणूस सगळ्यात अवघड लेव्हललाही हरेना.

मी शाळेत शिकवून आले की शेजारी बसायचे. अण्णांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, त्यामुळे समोरची लढाई दिसायची, नकाशाच्या कडा दिसायच्या नाहीत. कडा बघायचं काम माझं. पहाऱ्यावर सून, असं सगळ्या गावाला सांगून झालेलं.

मग ते कंटाळले. जिंकणार हे आधीच ठाऊक असेल तर बसायचं कशाला, म्हणाले.

म्हणून आम्ही अटी घालायला लागलो. चाल चुकली तरी जुना सेव्ह उघडून मागे जायचं नाही. ग्रह निवडायचा नाही, मिळेल तो घ्यायचा, मग तो खडकाळ का असेना. पुढे पुढे तर डाव सुरू होतानाच शेजाऱ्याला दोन ग्रह फुकट द्यायचे. ते देताना अण्णांचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

लय मजा केली आम्ही. तेही लिहायलाच हवं.

मग अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. माझं माहेर सांगली, तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. तीन ब्लॉकेज. बायपास करा, आणि लवकर करा.

अण्णा नाही म्हणाले.

संदीप, माझा नवरा, ओरडला. सासूबाई रडल्या. अण्णा ढिम्म. इतकी वर्षं फौजेत काढून अंगाला ओरखडा नाही, आता टेबलावर झोपून छाती चिरून घेऊ व्हय, असं त्यांचं म्हणणं.

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, अटी मी घालणार. तीन डाव, त्यातला एक जरी हरलात, की ऑपरेशन.

"हरलो तर दुसऱ्या दिशी सांगली," अण्णा म्हणाले. "शब्द."

अण्णांनी शब्द दिला म्हणजे विषय संपला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

पहिल्या डावात शंभर टर्न, म्हणजे शंभर चाली, एकाच ग्रहावर राहायची अट घातली. पाच दिवसांत जिंकले.

संदीप पुण्याला नोकरीला. रोज संध्याकाळी फोन. हॅलो नाही, काही नाही. "हरले का?"

दुसऱ्या डावात सगळी साम्राज्यं त्यांच्याविरुद्ध एक केली. जिंकले. त्याच आठवड्यात फाटकापासून ओसरीपर्यंत येताना ते दोनदा थांबले. मी खिडकीतून मोजत होते.

तिसऱ्या डावाच्या अटी काढायला मी दोन दिवस घेतले. नकाशाच्या मधोमध सुरुवात, चारी बाजूंना शत्रू, आणि पन्नास टर्न लढाऊ जहाज बांधायचं नाही.

या वेळी अण्णा हरायला लागले.

एकेक ग्रह जात होता. मी आतून देवाचे आभार मानत होते आणि वरून तोंड पाडून बसले होते. संदीपने रजा टाकली. सासूबाईंनी अण्णांची बॅग भरली.

रविवार दुपार. अण्णांकडे दोनच ग्रह उरलेले. उरलंसुरलं सगळं आरमार त्यांनी समोरच्या लाल ताफ्यावर घातलं होतं. घरचा ग्रह मोकळा.

डावीकडच्या कडेने, धुळीच्या ढगाआडून, शत्रूची अकरा जहाजं घरच्या ग्रहाकडे येत होती.

मला ती दोन टर्न आधीच दिसली होती. मी बोलले नाही. शेजारच्या खोलीत संदीप डॉक्टरांशी फोनवर बोलत होता, उद्या येतोय म्हणून.

अण्णांनी टर्न संपवायच्या बटनावर बाण नेला. कपाळावर घाम. इतका हरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"आवं अण्णा, डावीकडं बघा."

मीच बोलले. माझ्याच तोंडातून गेलं.

त्यांनी माउसवरचा हात काढला. डोळे बारीक करून डावीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग जहाजं मागे वळवली.

दिवेलागणीला अण्णा जिंकले.

त्यांनी सासूबाईंना हाक मारून बोलावून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "ही व्हती म्हणून वाचलो बघ."

मी हात जोडले. म्हटलं अण्णा, डाव गेला खड्ड्यात, उद्या चला. तर म्हणाले, जिंकलो की गं.

संदीपने विचारलं, कसे काय जिंकले? मी म्हणाले, खेळतातच तसे.

त्यानंतर नऊ दिवसांनी सकाळी अण्णा विहिरीवरची मोटर चालू करायला गेले. पाणी पाटाने उसात पोचलं. अण्णा परत आले नाहीत.

आज सकाळी संदीप फोटोला हार घालत होता, तेव्हा त्याला सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं.

"तू बोलली नसतीस तर हरले असते?"

हो म्हणाले.

तो गोठ्यात जाऊन बसलाय. अजून आत आलेला नाही. येईल तेव्हा काय बोलेल ते ऐकून घेणार आहे.

अण्णा, तुम्ही हरत होतात आणि मला ते बघवलं नाही. एवढंच झालं.

मी गप्प बसायला हवं होतं.

तुम्हाला तुमच्या सुनेचा नमस्कार.