रेवणअप्पाची छकडी आणि सोमवारचा पट

काही माणसांचे किस्से सांगायला बसलं की एकाचं शेपूट धरून दुसरा येतो. रेवणअप्पाचे तर माझ्याकडे पोतंभर साठलेत. माझं किराण्याचं दुकान पाथरीच्या वाटेवरच्या गावात. दुकानाच्या ओट्यावर रोज आमची मंडळी जमायची आणि विषय एकच, बैलांचा पट. निजामाचं राज्य होतं. तहसीलदार बदलायचे, पोलिसांचे अमीन बदलायचे, पण पटातला पहिला नंबर काही बदलत नव्हता. तो रेवणअप्पाचाच. त्याच्यासारखा धुरकरी, म्हणजे शर्यतीची छकडी हाकणारा, गोदेच्या अलीकडे-पलीकडे झाला नाही. मित्र म्हणून म्हणत नाही. त्याची धूळ खाल्लेल्यांना विचारा.

* * *

रेवणअप्पाच्या हातात बैलांना टोचायची पराणी कधी नसायची. पट सुटायच्या आधी तो माणक्या आणि भिंगऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटायचा आणि ती लालकंधारी जोडी वाऱ्यासारखी सुटायची. मंत्र आहे म्हणून मुलुखभर बोलबाला झाला. जिंतुराकडचा एक जण तो मंत्र मिळवायला तीन दिवस आमच्या गावात मुक्काम ठोकून बसला. रोज रेवणअप्पाला पान, रोज सुपारी. शेवटी रेवणअप्पाला दया आली.

"मंत्र कसला आलाय? मी म्हणतो, चला लवकर, गवरा घरी वाट बघायलीय. मग मी बी भितो आन् बैलं बी."

गवरा म्हणजे त्याची बायको, आमची गवरावहिनी. तो माणूस घरी गेला आणि म्हणे खरंच बैलांना स्वतःच्या बायकोचं नाव सांगू लागला. उपयोग झाला नाही. त्याची बायको गरीब स्वभावाची होती.

* * *

बैलांचं खाणंपिणं सगळं वहिनींकडे. कणकेचे गोळे, त्यात गूळ, वरून तूप. एकदा पालमचे दौलतराव जोडी बघायला आले. मोठे जमीनदार, आणि पटात कायम दुसरे. त्यांनी बघितलं, बैलांच्या तोंडातून तूप ओघळतंय आणि शेजारी रेवणअप्पा कोरड्या भाकरीला चटणी लावून खातोय.

"वहिनी, धुरकऱ्याला बी जरा तूप वाढा की," दौलतराव म्हणाले.

"पळायचं बैलांला हाय," वहिनी म्हणाल्या. "हे नुसते बसून असतेत."

* * *

याच दौलतरावांनी पुढं लांबून एक पांढरी जोडी आणली. अंडी चारली, दूध पाजलं. पालमच्या पटात ती आमच्या दोन कासऱ्यांच्या लांबीने मागं राहिली. दौलतराव मनाचे मोठे, पण हरून हरून माणूस चिडतोच. चारचौघांत म्हणाले, "रेवणअप्पा, एक दिवस तुमी बी हरणार हाव."

रेवणअप्पाने बैलांना आवरायचा कासरा वर धरला. "ज्या दिवशी हा माझ्या हातात असताना माझी छकडी मागं राहील, त्या दिवशी ह्याला गोदेत सोडीन. पुन्हा छकडीवर बसणार न्हाई."

हे बोलायची काहीच गरज नव्हती. पण बोलून गेला, आणि ते सगळ्या तालुक्याने ऐकलं. तेव्हापासून प्रत्येक पटाला आम्ही बैलांआधी त्याच्या हातातला कासरा बघायचो.

* * *

एकदा तर संपलंच होतं सगळं. अर्ध्या पटात कण्याची खीळ निघाली आणि डावं चाक निखळलं. रेवणअप्पा उजव्या बाजूला असा काही ओणवा झाला की छकडी एका चाकावर तरंगत पहिली आली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. पंच धावत आले, "आरे, चाक कुठाय तुझं?"

रेवणअप्पा मागं वळून म्हणाला, "दुसऱ्या नंबरावर बघा."

* * *

त्या वर्षी अमीनसाहेबांनी बक्षिसाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. रेवणअप्पाने ते गोठ्यात टांगलं. मी विचारलं तर म्हणाला, "कमाई बैलांची हाय. आन् घरात टिकटिक करणारं एक हायच की." हे मात्र त्याने वहिनी विहिरीवर गेल्याचं बघून सांगितलं.

* * *

आता सोमवारची गोष्ट. रेवणअप्पा लिंगायत. त्यांच्यात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. महादेवाचा वार, नंदीला सुट्टी. आणि वरचे साहेब दौऱ्यावर येणार म्हणून नव्या तहसीलदाराने पट ठेवला नेमका सोमवारी. दवंडी फिरली, ज्याची गाडी रेघेवर येणार नाही तो हरला. दौलतराव स्वतः तहसिलीत जाऊन दिवस बदला म्हणून सांगून आले. कुणी ऐकलं नाही.

बैल जुंपावे तर देवाचं मोडतं. न जावं तर आजवरचं सगळं जातं, आणि कासरा गोदेत. रेवणअप्पा दोन दिवस जेवला नाही. ओट्यावर कुणी पटाचा विषय काढेना. मला तर दुकानात बसवत नव्हतं.

सोमवारी मैदानात चार गाड्या उभ्या होत्या. पाचवी आली ती हाताने ढकलत. बैल नाहीतच. एका बाजूला रेवणअप्पा, दुसऱ्या बाजूला पदर खोचलेल्या गवरावहिनी.

साहेबांनी विचारलं, "बैल कहाँ हैं?"

"आज सोमवार हाय, हुजूर. त्यांला सुट्टी."

"तो गाडी कौन खींचेगा?"

"ज्यांला सुट्टी न्हाई ते," वहिनी म्हणाल्या आणि जू उचलून खांद्यावर घेतलं. दुसऱ्या टोकाला रेवणअप्पा शिरला.

धुरकरी मात्र पाहिजेच होता. वहिनींनी गर्दीत नजर फिरवली. "बाबुराव, तुमीच बसा. बसून ऱ्हायची सवय तुमालाच हाय."

मी बसलो. कासरा माझ्या हातात. रुमाल पडला आणि ती दोघं पळाली. देवाशप्पथ सांगतो, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आम्हाला बघून एक जोडी बुजली आणि थेट तुरीत शिरली, म्हणून आम्ही पाचांत चौथे आलो. मुन्शीने हरलेल्या धुरकऱ्याचं नाव विचारलं आणि कागदावर माझं नाव लिहिलं. रेवणअप्पा आयुष्यात एकदाही हरला नाही. हरलो तो मी, आणि ते मी अजून अभिमानाने सांगतो.

दौलतराव पहिले आले होते. बक्षिसाचा फेटा काखेत घेऊन आमच्याकडे आले. "हे जिंकणं माझं मलाच गोड लागंना. उद्या मंगळवारी या."

"येतो," रेवणअप्पा म्हणाला. मंगळवारी काय झालं ते सांगायला नको, फेटा आमच्या गावात आला.

पण त्या सोमवारी, दोघं लिंबाखाली धापा टाकत बसले होते. खांदे सोलून निघालेले. रेवणअप्पा हळूच म्हणाला, "गवरा, आज मी पळालो. आज तरी भाकरीवर तूप वाढशील का न्हाई?"

वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "मी बी पळालेच की. आज तुमी वाढा."