उजवीकडे न चिकटणारं पॅनेल

लग्नानंतर पुण्याहून हैदराबादला आले, मूल झालं आणि काही वर्षं घरातच गेली. तेवढ्यात देशात नव्या कंपन्यांचं पेव फुटलं. संगणक येणाऱ्यांना घरून बोलावून नेतात, असं जो तो सांगायचा. मला काही कोणी बोलावलं नाही. शेवटी नामपल्लीतल्या एका छोट्या कंपनीच्या तेलुगू साहेबांनी चाचणीवर घेतलं. कोठीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यासाठी प्रोग्राम करायचा. तिथल्या डॉक्टरांना पसंत पडला तर नोकरी पक्की, नाहीतर बरकतपुऱ्याच्या घरी परत. सासूबाईंनी परतच गृहीत धरलं होतं.

प्रोग्राममधला माझा लाडका भाग म्हणजे डॉकिंग पॅनेल. पेशंटांच्या यादीची छोटी खिडकी माउसने पकडून कडेला न्यायची, की ती तिथे चिकटायची आणि बाकीचा मजकूर आपोआप बाजूला सरकायचा. भिंतीला कपाट लावावं तसं. तयार काहीच हाताशी नव्हतं. माउस कुठवर आला, कड किती लांब राहिली, सगळं आपणच मोजायचं. डावी आणि खालची कड जमली तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटायचीच बाकी होते. उजवीकडे यादी कोण ठेवणार, म्हणून ती कड साहेबांनी आणि मी पुढच्या खेपेवर ढकलली.

दाखवायच्या दिवशी दवाखान्यात संगणकापुढे बसल्या त्या रिसेप्शनवरच्या बाई. पन्नाशीच्या, शिक्षण सगळं उर्दूत. त्यांनी पॅनेल पकडलं आणि थेट उजवीकडे नेलं. सोडल्याबरोबर ते टुणकन डावीकडे परत आलं. पुन्हा नेलं, पुन्हा परत.

"सीधे हाथ पे नै ठैरता क्या ये?"

"डाव्या बाजूला बरं पडतं," असं काहीतरी मी हिंदीत पुटपुटले.

"तुमको पड़ता हुइंगा. मेरी आँख सीधे हाथ से चलती ना अम्मा, उर्दू पढ़ पढ़ के."

उर्दू उजवीकडून वाचतात, हे साहेबांच्या आणि माझ्या डोक्यात आलंच नव्हतं! मागे उभे असलेले डॉक्टर माझ्या साहेबांना म्हणाले, "काम कच्चा है. किसी और से करवा लीजिए." मी पर्स उचलली.

बाई खुर्चीतून वळल्या. "नक्को साब. लिस्ट में नाम कैसा फटाक से निकल रा, देखो तो. सीधे हाथ का काम भी इनोंइच करना. दूसरे कू भेजे तो मैं इस मशीन पे बैठतीच नै."

डॉक्टर हसले, "ठीक है" म्हणाले आणि पेशंट बघायला आत गेले.

बाहेर आल्यावर साहेबांनी एवढंच विचारलं, "उजवी कड कधी देतेस?" बाईंचे आभार मानायचंही मला सुचलं नव्हतं. साहेबांना तिथेच थांबवून मी पुन्हा जिना चढले. त्या पुढच्या पेशंटचं नाव लिहून घेत होत्या. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "रोना नक्को. जाओ, बनाके लाओ."