कोरी झालेली फाइल

पिकलेल्या काजूबोंडांचा वास आला की एंटरवरचं माझं बोट आजही थबकतं. तेव्हा काजूचा हंगाम होता, आणि डिचोलीतल्या खनिज वाहतुकीच्या ऑफिसात मी नवा होतो. ट्रकांची पाळी एका फाइलीत होती, तिच्यावरूनच त्यांना खाणीचं फाटक उघडायचं. "यातला एका ट्रकचा नंबर काढून टाक," नंबर दाखवत हेडक्लार्क म्हणाले. मी तो नंबर वगळायची कमांड लिहिली आणि उरलेली यादी त्याच फाइलीत टाकायला सांगितली. एंटर मारलं, फाइल उघडली, तर कोरी! वाचण्याआधीच कॉम्प्युटरनं ती पुसली होती, आणि मी प्रत ठेवलीच नव्हती. बाहेर हॉर्नचा नुसता कल्लोळ. "अरे, काय करून बसलास रे तू?" हेडक्लार्क ओरडले. तेवढ्यात सावंतवाडीकडचा एक ड्रायव्हर आत आला. "माज्या फुडे कोण आसता, ता माका म्हायत आसा. लिही." मग एकेक ड्रायव्हर आपल्या पुढचा नंबर सांगत गेला, मी लिहीत गेलो. आणि एकानं नेमका तोच नंबर सांगितला, जो मला काढायचा होता. त्या ट्रकचा ड्रायव्हर दारातच उभा होता, हसत. आपला नंबर काढायचा होता, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हेडक्लार्क खिडकीबाहेर बघू लागले. मी तो नंबर लिहिला. आता प्रत्येक फाइलीच्या तीन प्रती ठेवतो. तो नंबर मात्र कुठेही न बघता सांगू शकतो.