माझी विहीर, माझा उंबरा

माझ्याच खोलीच्या उंबऱ्यावर त्यानं तांब्यातलं पाणी शिंपडलं. दाराची कडी मीच काढून दिली होती. त्या कडीला माझा हात लागला, म्हणून हे शिंपडणं. मग मान वळवून म्हणाला, "जरा लांब सरक वं. सावली पडून राह्यली."

मी सरकले. आज सांगतानाही लाज वाटते, पण सरकले.

तो लकडगंजातल्या लाकडाच्या टालीवरचा मुनीम. मी महाराची बाई, मिलमध्ये सूत गुंडाळणारी. आणि घर माझं.

ते घर मला कुणी दान दिलेलं नव्हतं. नवऱ्याच्या छातीत मिलचा कापूस बसला, खोकला सुटेना, त्याला कामावरून काढलं. माझेही हात थकले की चूल विझणार, हे मला तेव्हाच कळलं. मी गळ्यातली पोत मोडली. आमच्या वस्तीत जागा स्वस्त मिळत होती. नाही घेतली. तिथं ज्याचं त्याचं झोपडं, भाड्यानं राहणार कोण? सुट्टीच्या दिवशी मी लकडगंज पालथं घातलं. बाहेरगावचे करवतवाले ओंडक्यांच्या आडोशाला संसार मांडून बसलेले. खोल्या इथंच बांधायच्या, हे माझं मी ठरवलं. एकजण गाव सोडून चालला होता, त्यानं जात न विचारता जागा विकत देऊ केली. पण तिलाही, ऐन वैशाखात जाऊन तिथल्या विहिरीत दगड टाकून पाहिला, तळाशी पाणी वाजलं, तेव्हाच मी हो म्हटलं. नागपूरच्या उन्हाळ्यात भाडेकरू आधी पाणी पाहतो, मग खोली.

तीन खोल्या उभ्या केल्या. करवतवाले आले, मालकीण कोण ते विचारलं आणि आल्या पावली परत गेले. करवत चालवणाऱ्यांनाही आमचा विटाळ!

मग हा मुनीम आला. त्याची अट अशी: "घर आमच्या शेटजीचं हाये म्हणून सांगीन मी. तू विहिरीले हात लावू नको. लोकं पाह्यतीन."

नवरा खोकत म्हणाला, "राहू दे वं. हा आला का याच्यामागं दुसरे येतीन."

मी मान डोलावली. पोटासाठी डोलावली, दुसरं काही नाही. त्या दिवसापासून मी अंगणातली विहीर ओलांडून डोक्यावर घागर घेऊन वस्तीतल्या विहिरीवर जायची. मुनीम माझ्या विहिरीचं पाणी पोटभर प्यायचा, त्याच पाण्यानं अंघोळ करून देवपूजा करायचा. विहीर त्याला चालत होती, उंबरा चालत होता. मीच तेवढी चालत नव्हते.

आठवड्यानं वस्तीतल्या एका म्हातारीनं विचारलं, "काहून वं, तुयी विहीर आटली का?"

अंगाचा नुसता जाळ झाला. रिकामी घागर घेऊन तशीच उलटी फिरले, घरी आले आणि विहिरीत बादली सोडली. भर दुपारी, टालीवरची सगळी माणसं बघत असताना.

मुनीम उघड्या अंगानं धावत आला. "बाटवली! विहीर बाटवली हिनं!"

मी म्हणाले, "विहीर मायी हाये. घर मायं हाये. आपलं बोचकं उचल अन् नीघ."

नवऱ्यानं माझा हात धरला. मी झटकला. जाता जाता मुनीम ओरडला, "तुया खोल्यात आता कुत्रंबी राह्यणार नाही!"

खोटं कशाला सांगू? खोल्या पुष्कळ दिवस रिकाम्या राहिल्या. आम्ही एक वेळ जेवलो. नवरा माझ्याशी बोलेना. मुनिमाचा मला आजही राग येतो, पण त्याहून जास्त राग येतो तो त्या आठ दिवसांत घागर वाहणाऱ्या माझा.

आता कुणी खोली पाहायला आलं की मी त्याची जात विचारत नाही, पगार विचारत नाही. त्याच्यासमोर बादली शेंदते आणि माझ्या हातानं तांब्या पुढे करते. जो पितो, त्याला कडी काढून देते. जो पीत नाही, त्यानं रस्ता धरावा. मग खोली वर्षभर रिकामी राहिली तरी बेहत्तर. माझ्या दारातून मी आता सरकणार नाही.