मावशीच्या अकरा कपारी

आमच्या म्वांबानी बेटाचं भलं करायला कोणी आलं की मला आधी धडकीच भरते. मी गावची सचिव. म्हणजे आलेल्याला खुर्ची द्यायची, शहाळं फोडून द्यायचं आणि तो बोलेल ते वहीत उतरवायचं. सागरी उद्यान झाल्यापासून हेच चाललंय. कासवांचे लोक येतात, प्रवाळांचे येतात. माशांचा सगळ्यांना केवढा पुळका! बेटावर दवाखाना नाही, सातवीपुढे शाळा नाही, त्याचा पुळका कोणालाच येत नाही. जाऊ दे. मला माझ्या मावशीचं सांगायचंय.

म्वानाशेही तिचं नाव, माझ्या आईची धाकटी बहीण. साठीच्या आसपास असेल, नक्की तिलाही ठाऊक नाही. नवरा लवंगा तोडायला पेंबा बेटावर जातो म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. पदरात दोन मुलगे. मावशीनं नेसूचा कांगा कमरेला घट्ट खोचला, लोखंडी सळई उचलली आणि उधाणाच्या ओहोटीला दक्षिणेच्या खडकावर गेली. तिथल्या कपारींत ऑक्टोपस बसलेले असतात. दुसऱ्या बाईच्या पायाशी असला तरी दिसायचा नाही. मावशी कपारीच्या तोंडाशी पडलेला शिंपल्यांचा कचरा बघायची आणि मालक घरात आहे की बाहेर ते सांगायची. अशा अकरा कपारी तिच्या. एक रिकामी केली की महिन्याभरात तिथं नवा येऊन राहतो. "जागा चांगली असली की भाडेकरू मिळतोच," असं म्हणून ती खो खो हसायची.

आमच्यात कपारी बाईकडून बाईकडे जातात. नवऱ्याला सांगत नाहीत, मुलाला सांगत नाहीत. नुसतं बोट दाखवूनही भागत नाही. थोरलीनं शेजारी बसायचं आणि धाकटीनं आपल्या हातानं ऑक्टोपस ओढून काढायचा. काढला की ती कपार तिची, मग दुसरी कोणी तिथं सळई घालत नाही. मावशीला मुलगी नव्हती. अकराही माझ्याकडे यायच्या होत्या. आणि मी पडले शहाणी, मोठ्या बेटावरून शिकून आलेली! "पुढच्या उधाणाला जाऊ गं मावशी," म्हणत मी सात वर्षं घालवली.

मग तिचा उजवा डोळा गेला. मोठ्या बेटावरच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, डावाही जाईल, दोन-तीन वर्षं धरा. होडीतून उतरल्या उतरल्या मावशीनं माझं मनगट धरलं. "आता पुढचंबिढचं काही नाही. येत्या उधाणाला तू माझ्याबरोबर."

नेमकी त्याच आठवड्यात नकाशाची सभा आली.

उद्यानाच्या कचेरीतला साहेब भला मोठा नकाशा घेऊन आलेला. मुख्य भूमीवरच्या होड्या तेव्हा आमच्या समुद्रात सुरुंग लावून मासे मारायच्या, खडकच्या खडक भुगा व्हायचे. साहेब म्हणाला, "तुमची सगळ्यात मोलाची जागा दाखवा, आम्ही ती सांभाळू." आणि मी थोपवायच्या आत मावशी उठली. "दक्षिणेचा खडक सांभाळा," ती म्हणाली. "अमानत म्हणून देते."

आमच्याकडे कोणी प्रवासाला निघालं की दागिने शेजारणीकडे अमानत ठेवतं. शेजारीण ते अंगावर घालत नाही, कोणाला हात लावू देत नाही आणि धनीण आली की मुकाट्यानं काढून देते. त्यासाठी कागद लागत नाही. मावशीच्या मनात एवढंच होतं. साहेबानं "छान, छान" म्हणत पेन्सिल माझ्या हातात दिली आणि खडकाभोवती रेघ मी ओढली. होय, मीच.

उधाणाला आम्ही दोघी गेलो तर रेघेवर पहारेकरी उभा. बंद पट्टा, आत पाऊल टाकायचं नाही.

"अरे बाबा, मीच तर दिलाय तुम्हाला!" मावशी म्हणाली.

"म्हणूनच सांभाळतोय ना, आजी."

"आजी असेल तुझी! मी मागायला आलेय, दे परत."

तो हसला. त्या हसण्याचा राग माझ्या डोक्यातून अजून जात नाही. सुरुंगवाल्या होड्या गेल्या, हे खरं, नाही कशाला म्हणू? पण त्यांच्याबरोबर आम्हीही गेलो. दोन वर्षं मी अर्ज लिहिले, उत्तरं आली, उत्तरांत काही नव्हतं. मावशीच्या डाव्या डोळ्याला माणसं धुरातून आल्यासारखी दिसायला लागली.

तिसऱ्या वर्षी साहेब पुन्हा आला. ऑक्टोपस मोजायचे होते, वाढले असतील तर पट्टा उघडायचा विचार करू म्हणाला. पण मोजणार कसे? त्याच्या माणसांना एक कपार सापडेल तर शपथ. म्हणून मावशीकडे.

गावचे अध्यक्ष फाकी भडकले. "रिकाम्या दाखव, म्वानाशेही. यांना दिलेलं परत आलंय का कधी? काही नाही म्हटलं की कंटाळून जातील."

मी म्हटलं, खरं तेच दाखवायचं. वाढलेत हे डोळ्यांनी बघितलं तर उघडतील, नाही कसं म्हणतील? फार अक्कल ना मला!

मावशीनं साहेबाला एकच अट घातली. "ही माझी भाची, सिकुधानी, माझ्याबरोबर येणार, आणि एक ऑक्टोपस ती ओढणार. एकच."

"येऊ दे, आकडे लिहायला. हात मात्र लावायचा नाही, नियम आहे."

मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं." ते बरं कसलं आहे ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सकाळची ओहोटी होती. खडकावर पाऊल पडताच मावशीची चाल बदलली. गुडघाभर पाण्यात ती पायानं चाचपत निघाली आणि एकदाही चुकली नाही. पहिली कपार भरलेली, दुसरी भरलेली. अकरांपैकी दहांत ऑक्टोपस, आणि काय एकेक दांडगे! साहेब पोरासारखा उड्या मारत होता. प्रत्येक कपारीवर त्याचं यंत्र टिक करायचं आणि जागा त्यात जाऊन बसायची. आमच्यात जे नवऱ्यालाही सांगत नाहीत, ते यंत्रात चाललं होतं.

अकराव्या कपारीशी मावशी मुद्दाम आडवी बसली, साहेबाकडे पाठ करून. मला खाली ओढलं. "घाल हात," ती पुटपुटली. "सिकू, चटकन घाल."

तो तिथंच होता. हात पुढे केला असता तर त्याची गार कातडी बोटांना लागली असती. मी मान वळवून बघितलं. साहेब चार पावलांवर, आमच्याकडेच बघत. दंड होईल, सचिवाची नोकरी जाईल, सगळं एका क्षणात डोक्यात आलं. मी वही उघडली आणि लिहिलं: अकरावी, भरलेली.

उठताना मावशीनं माझा हात धरला नाही.

महिन्यानं पत्र आलं. मी ते तिच्या ओसरीवर वाचून दाखवलं. म्वांबानीच्या गावकऱ्यांचे आभार. ऑक्टोपसांची वाढ फारच समाधानकारक, बंदीचा उत्तम परिणाम. म्हणून बंदी आणखी पाच वर्षं.

मी तो कागद चुरगाळून उंबऱ्याबाहेर भिरकावला आणि तोंडाला येईल त्या शिव्या दिल्या. साहेबाला दिल्या, नकाशाला दिल्या, स्वतःला दिल्या. मावशी कसावा सोलत होती, बोटांच्या अंदाजानं.

"पाच वर्षांनी मला तुझं तोंडही दिसायचं नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी हात घातला असतास तर एक तरी तुझी झाली असती."

"साहेब उभा होता गं मावशी."

"हो," ती म्हणाली. "तो आता कायमच उभा असणार आहे."